तुम्ही विचारलंत म्हणून: तिथे तुमचं कोण आहे?

सुट्टीत कुडाळला गेलं की हा प्रश्न ठरलेला. "आयर्लंड, तेही खेड्यात? तिथे कोण आहे तुमचं?" मग कुणीतरी लिओ वराडकरांचं नाव काढतं. त्यांच्या वडिलांचं गाव वराड, म्हणजे आमच्याच बाजूचं. पण ते डब्लिनचे. २०१७ मध्ये ते पंतप्रधान झाले म्हणून आम्हाला काही शेजार मिळाला नाही.

आम्ही राहतो क्लेअरगॉलवेत, गॉलवे शहरापासून दहाएक किलोमीटरवर. पूर्वी नुसतं चौकाचं गाव होतं. मग शहरातल्या नोकऱ्या वाढल्या आणि शेतांत वसाहती उठल्या. सकाळी पुलावर गाड्यांची रांग लागते. नदीजवळ तेराव्या शतकातल्या फ्रान्सिस्कन मठाचे अवशेष आहेत, भोवती कबरी, समोर बर्क घराण्याचा किल्ला. जवळच नॉकडो, 'कुऱ्हाडींची टेकडी'. तिथे १५०४ मध्ये मोठी लढाई झाली. सुरुवातीला आम्ही हे सगळं गाडीच्या काचेतूनच बघायचो.

इथे गाव म्हणजे पॅरिश. एका चर्चची पंचक्रोशी म्हणा. तिच्यात टाउनलँड, म्हणजे आपल्या वाड्याच. आमच्या जवळच्या एकीचं नाव काहरगोवन, म्हणजे लोहाराचा दगडी कोट. लोहार नाही, कोट नाही, नाव मात्र आहे. मुलं कोणत्या संघातून खेळणार, हेही पॅरिशच ठरवते. आमच्याकडे फुटबॉलचा (इथल्या गेलिक फुटबॉलचा) क्लब एक आणि हर्लिंगचा, म्हणजे काठी-चेंडूच्या आयरिश खेळाचा, दुसरा, आणि वरच्या पातळीवर खेळणाऱ्यालासुद्धा पगार नाही. माझा मुलगा बिनपगारी हरतो, तेव्हा अनोळखी आजोबासुद्धा त्याला चार गोष्टी सुनावतात.

पण खरी ओळख झाली ती मयतीत. पहिल्या हिवाळ्यात शेजारच्या आजी गेल्या. स्थानिक रेडिओवर निधनाच्या बातम्या रोज वाचतात, तिथेच ऐकलं. जावं की नको? न बोलावता कसं जायचं? (जणू आपल्याकडे मयतीचं आमंत्रण येतं.) गेलो. अख्खी पॅरिश रांगेत उभी. एकेक जण घरच्यांचा हात हातात घेऊन एकच वाक्य म्हणत होता, तुमच्यावर ही वेळ आली, वाईट वाटलं. मीही तेच म्हटलं. मग चहा आणि सँडविच. घरी परत येईपर्यंत आम्ही कुठले, घरात किती जण, गाडी कुठली, सगळं सगळ्यांना ठाऊक झालं होतं.

दुसरी गोष्ट 'स्टेशन'ची. कॅथलिकांवर निर्बंध होते त्या काळात प्रार्थना घराघरात व्हायची. ती चाल काही ठिकाणी अजून आहे, पाळी एका घरावरून दुसऱ्यावर जाते. पाळी आली की घराला रंग, अंगणाची साफसफाई, वर्षभर लोंबलेलं दार दुरुस्त. चतुर्थीच्या आधीची आमच्या घरची धांदल आठवली आणि मला हसूच फुटलं. गेल्या वर्षी शेजाऱ्यांची पाळी होती. आम्ही कॅथलिक नाही, पण शिडी आमची होती, आणि शिडीबरोबर नवराही गेला.

मुलीच्या शाळेत एकदा जुन्या वह्यांचा विषय निघाला. १९३७-३८ मध्ये देशभरातल्या शाळकरी मुलांनी घरातल्या म्हाताऱ्यांकडून गोष्टी, औषधं, विहिरींची नावं उतरवून घेतली होती. त्या वह्या आता कुणालाही ऑनलाइन वाचता येतात. तिलाही कुणा म्हाताऱ्या माणसाला काही विचारून यायचं होतं. आपली आजी कुडाळला, म्हणून ती गेली शेजारच्या आजोबांकडे. दोन तासांनी आली ती आमच्याच घराची हकीगत घेऊन: आधी कोण राहायचं, परसात गाय कुठे बांधायचे, विहीर कधी बुजवली.

त्या आधीच्या मालकाच्या नावानंच आमचं घर अजून ओळखलं जातं. २०१५ पासून घरोघरी आयरकोड नावाचा पिनकोड आहे, तरी कुणी तो विचारत नाही. परवा एक कुरिअरवाला रस्ता चुकला. फोनवर त्याला वाट सांगताना मीच म्हणून गेले, "अमक्यांचं घर विचारा, कुणीही दाखवेल." आणि अमक्यांना मी आयुष्यात कधी पाहिलेलं नाही.