टोळी वजा जाता

डिसेंबरात पहाटे पावणेसहाला फोन वाजला तर तो कुठल्यातरी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरूनच असतो, नाव बघावं लागत नाही. त्या दिवशी मात्र बघितलं, कारण एका मिनिटात दोन फोन आले. पहिला कारखान्याच्या केनयार्डातून, म्हणजे उसाच्या गाड्या थांबतात तिथून. "सर, लोकांनी काटा बंद पाडलाय. लगेच या." दुसरा पैलवानाचा. "आलास की आधी मला भेट. साहेब लोकांकडं जाऊ नकोस."

पैलवान म्हणजे इंजिनिअरिंगला असतानाचा माझा रूम पार्टनर. तालमीची पायरी त्यानं आयुष्यात चढलेली नाही. पहिल्या वर्षी दोघांचे ड्रॉइंग बोर्ड एकट्यानं डोक्यावर घेऊन तीन मजले चढला, तेवढ्यावर नाव पडलं. मेकॅनिकल झाल्यावर शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत दोन वर्षं काढली आणि मग वडिलांची साडेतीन एकर बघायला गावी गेला. मी तोवर हिंजवडीत. नऊ वर्षं तिथं काढून २०२० च्या लॉकडाऊनमध्ये कोल्हापूरला आलो, तो परत गेलोच नाही. आता उद्यमनगरात एका वर्कशॉपच्या माळ्यावर आमचं ऑफिस आहे. खाली लेथ चालतात, वर आम्ही तिघंजण साखर कारखान्यांची सॉफ्टवेअरं सांभाळतो. उसाची नोंद, तोडणीचा प्रोग्रॅम, काट्याची पावती, पंधरवड्याचं बिल. पुण्याचे जुने दोस्त विचारतात, तिकडं कुठला टेक्नॉलॉजी स्टॅक वापरता? मी म्हणतो, ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या.

कारखान्याचं नाव सांगत नाही, रस्ताही सांगत नाही. आमच्याकडं शहराबाहेर कुठल्याही दिशेनं निघालं तरी थोड्या वेळात एक कारखान्याची चिमणी दिसतेच. गाडी काढली तेव्हा धुकं होतं. हंगामात पहाटे गाडी चालवणं म्हणजे जीव मुठीत. पुढं अंधारात काहीतरी हलतंय असं वाटतं आणि ती उसानं लादलेली ट्रॉली निघते, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर, फक्त ड्रायव्हरच्या स्पीकरवरचं गाणं. आधी गाणं ऐकू येतं, मग ट्रॉली दिसते. मळीचा वास काचा लावल्या तरी आत येतो.

२०२३ चा तो हंगाम आधीच तापलेला होता. मागच्या वर्षीच्या उसाला जादा पैसे द्या म्हणून नोव्हेंबरच्या २३ तारखेला शेतकऱ्यांनी शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग रोखला होता, मग टनाला शंभर-पन्नासवर तडजोड झाली आणि उशिरा धुराडी पेटली. अशा वर्षी काट्यावर कुणाचाच विश्वास नसतो. एरवीही फार नसतो म्हणा. काटामारी, म्हणजे वजनात ऊस मारणं, हा शब्द आमच्याकडं पोराला शाळेत घालायच्या आधी कळतो. म्हणूनच हंगामाच्या तोंडावर कारखान्यानं मला सांगितलं होतं की पावतीवर वजनाच्या वेळचा गाडीचा फोटो छापून द्या, लोकांना खात्री पटेल. मी दोन दिवसांत ते करून दिलं. कॅमेरा बसवला, फोटो पावतीवर यायला लागला. सगळ्यांनी वाहवा केली. त्याला अकरा दिवस झाले होते.

पोचलो तर काट्यावर एक रिकामा ट्रॅक्टर मुद्दाम आडवा लावलेला. साठ-सत्तर माणसं, शेकोट्या, मागं मोठ्या रस्त्यापर्यंत गाड्यांची रांग. पैलवान कानाला मफलर बांधून उभा होता. बोलला काही नाही, मोबाईल पुढं केला. त्याच्या गाडीचं रिकामं वजन चाललेलं असताना त्यानं बाहेरच्या लाल आकड्यांच्या बोर्डाचा फोटो काढला होता. ७,१४० किलो. मग खिशातून पावती काढली. रिकामं वजन ७,४६०.

"तीनशेवीस किलो. टनाला तीन हजार धर. एका खेपेला साडेनऊशे गेले माझे," तो म्हणाला. "आता तू सांग, कुणाला विचारू? सॉफ्टवेअर तुझं."

ज्यांना ऊस फक्त रसवंतीत माहीत आहे त्यांच्यासाठी सांगतो. भरलेली गाडी काट्यावर येते, ते भरती वजन. गव्हाणीला, म्हणजे गाळपासाठी ऊस टाकतात तिथं, ऊस उतरून तीच गाडी रिकामी येते, ते रिकामं वजन. दोन्हींची वजाबाकी म्हणजे शेतकऱ्याचा ऊस. रिकामं वजन फुगलं की ऊस तेवढाच आटतो. भरतीच्या वेळी सगळे डोळ्यांत तेल घालून बघतात. रिकाम्याच्या वेळी शेतकरी बहुतेक घरी गेलेला असतो. पैलवान थांबला, कारण त्याला सवय आहे. फौंड्रीतही तो प्रत्येक कास्टिंग दोनदा मोजायचा.

गर्दीतून एकच शब्द येत होता, रिमोट. कुणीतरी खिशात रिमोट ठेवून काटा मारतंय. शेती अधिकारी वजनं-मापं तपासणाऱ्या सरकारी वैधमापनवाल्यांचा शिक्का दाखवत होते, वर्षाचं स्टॅम्पिंग नुकतंच झालेलं, सील शाबूत. ते खरंही होतं. आतून शिफ्ट इंजिनिअरचा दर दहा मिनिटांनी निरोप, गव्हाण रिकामी होत आली, गिरण थांबेल. गाळप थांबलं की काय होतं ते कारखान्यात काम केलेल्यालाच कळतं. वाफ, रस, पाक, सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं.

वीस किलोची पन्नास प्रमाण वजनं बाहेर काढली. चारही कोपऱ्यांवर ठेवून बघितली, मध्ये ठेवून बघितली. इंडिकेटर, म्हणजे क्लार्कसमोरचा वजनाचा आकडा, १,०००. बोर्ड १,०००. पावती १,०००. मला हायसं वाटलं आणि गर्दी आणखी भडकली. "आता बरोबरच दाखवणार की! बटण बंद केलंया!" खरं सांगायचं तर त्यांच्या जागी मीही हेच म्हणालो असतो.

मग ज्यांच्या तक्रारी होत्या त्यांच्या पावत्या मागितल्या. नऊ मिळाल्या. मी आणि पैलवान काट्याच्या कठड्यावर बसलो आणि कॉलेजात सबमिशनच्या आदल्या रात्री बसायचो तसे त्या मांडून बघायला लागलो. नऊच्या नऊ ट्रॅक्टर, बैलगाडी एकही नाही. घोळ रिकाम्या वजनात, भरतीत एकदाही नाही. तिसरी गोष्ट पैलवानाच्या लक्षात आली. सगळ्या पावत्या पाळी संपत आलेल्या वेळच्या. पाळीच्या सुरुवातीची एकही नाही.

"पाळी बदलली की तुमचा माणूस काय करतो?"

काटा क्लार्कला विचारलं. तो म्हणाला, "काही नाही सर, कॉम्प्युटर बंद करून चालू करतो. शेवटी शेवटी जरा मागं मागं चालतो तो."

मागं मागं चालतो. हे त्यानं मला आधी सांगितलं नव्हतं, कारण त्याला ते सांगण्यासारखं वाटलंच नाही. तो वजन कॉम्प्युटरवर बघतच नाही. समोरच्या इंडिकेटरवर आकडा स्थिर झाला की बटण दाबतो. आणि मी येण्याआधी, भांडणात कुणीतरी मेन स्विच ओढला होता. म्हणजे आमची चाचणी ताज्या चालू केलेल्या मशीनवर झाली होती.

मी लोकांना म्हणालो, वीस गाड्या जाऊ द्या. प्रत्येक गाडीला बोर्डाचा आकडा तुम्ही मोठ्यानं वाचा, पावती मी तुमच्या हातात देतो. अर्धा तास वाद झाला. शेवटी फेट्यातले एक आजोबा म्हणाले, "घालू द्या की वीस गाड्या. पळून कुठं जातोय हा?" आडवा ट्रॅक्टर निघाला.

पंधरा-सोळा गाड्यांपर्यंत किलोचाही फरक नाही. मग ट्रॉल्यांची एक रिकामी जोडी आली, मागच्या ट्रॉलीत ऊसतोड टोळीची माणसं. बीडकडची असावीत. बाजाराच्या पिशव्या, एका बाईच्या कडेला पोरगं. ही माणसं यार्डातच ट्रॉलीत बसून घेतात, कारण एकदा गाडी सुटली की फडावर चालत जावं लागतं. काट्यावर गाडी थांबली, सुपरवायझर ओरडला, "उतरा, उतरा!" ती पटापट उतरून बाजूला झाली. बोर्डावर ७,३९० होते ते ७,०८० झाले. साठ माणसांनी एका आवाजात वाचलं, "सात हजार ऐंशी!" क्लार्कनं बटण दाबलं.

प्रिंटरची कुरकुर संपायच्या आधीच मला पावतीवर काय येणार ते कळलं होतं. ७,३९०.

काट्याखालचे वजन मोजणारे लोड सेल ठीक होते, इंडिकेटरही ठीक. इंडिकेटर सेकंदाला दहा ओळी कॉम्प्युटरकडं पाठवतो, एका ओळीत एक वजन, आणि माझा प्रोग्रॅम सेकंदाला दहा ओळी वाचतो. अकरा दिवसांपूर्वीपर्यंत हिशेब चोख होता. मग मी कॅमेरा जोडला. फोटो काढून साठवायला क्षणभर लागतो आणि तेवढा वेळ वाचन थांबतं. तेवढ्या वेळच्या ओळी रांगेत उभ्या राहतात. प्रोग्रॅम पुन्हा वाचायला लागतो तो रांगेतल्या पहिल्या ओळीपासून, आणि येणाऱ्या ओळींचा वेग तोच असल्यानं मागची थकबाकी कधीच फिटत नाही. प्रत्येक गाडीला थोडी वाढते. रांगेला जागा मीच १,०२४ बाइटची दिली होती. एक ओळ सोळा बाइटची, म्हणजे चौसष्ट ओळी, म्हणजे जवळजवळ साडेसहा सेकंद. पाळीच्या शेवटी क्लार्क बटण दाबायचा तेव्हा पावतीवर साडेसहा सेकंदांपूर्वीचं वजन पडायचं. हलतं वजन माझा प्रोग्रॅम नाकारतो. पण ट्रॉलीत गप्प बसलेल्या पाच माणसांचं वजन अगदी स्थिर असतं. भरलेली गाडी झुलते, तिथं क्लार्क थांबतो, म्हणून भरती बरोबर. बैलगाडीवर टोळी बसत नाही, म्हणून बैलगाड्या बरोबर.

खात्री पटावी म्हणून बसवलेल्या कॅमेऱ्यानंच हे केलं होतं. आणि कॅमेरा मी बसवला होता.

एक साहेब मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "तांत्रिक बिघाड होता, दुरुस्त केला, एवढंच सांगा." वाक्य खोटं नव्हतं. मी बाहेर आलो, समोर पैलवान उभा होता, हाताची घडी घालून. त्याच्याकडं बघत ते वाक्य मला बोलता आलं नाही. मी काट्यावर चढलो आणि सांगितलं की रिमोट नाही, चूक माझ्या प्रोग्रॅमची आहे, मी केलेली आहे, आणि कशी झाली ते असं. रांग, ओळी, सेकंद, सगळं सांगितलं. किती जणांना कळलं देव जाणे. शांतता पसरली. मग ते फेट्यातले आजोबा म्हणाले,

"म्हंजे आमच्या उसातनं टोळी वजा केलास व्हय रं तू?"

आधी मागं कुणीतरी हसलं, मग सगळेच. शिव्याही पडल्या, नाही असं नाही. पण सकाळपासून मी साहेब होतो तो आता 'रं'वर आलो होतो, आणि आमच्या भागात तसं झालं की माणसानं निश्चिंत व्हावं.

दुरुस्ती दहा मिनिटांची. फोटोचं काम वेगळं केलं, आणि बटण दाबलं की रांग पुसून नव्यानं वजन घ्यायचं असं केलं. खरं काम नंतरचं होतं. अकरा दिवसांत प्रत्येक ट्रॅक्टरची दहा-वीस रिकामी वजनं नोंदलेली होती. एकाच गाडीचं रिकामं वजन डिझेल, चिखल धरून फार तर पन्नास-साठ किलो इकडं तिकडं होतं. शंभरच्या वर फरक असलेल्या खेपा काढल्या. २३८ निघाल्या. एकूण एकाहत्तर टन, म्हणजे दोन लाखांच्या थोडं वर. ऊस कारखान्याला पोचल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावेत असा केंद्राचा १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश आहे. अकराच दिवस झाले असल्यानं पहिलं बिल अजून निघालेलं नव्हतं. वजनं बिलाआधीच दुरुस्त झाली, यादी नोटीस बोर्डावर लागली. माझं हंगामाचं बिल कारखान्यानं कापलं. कापायलाच हवं होतं.

यादीत नऊ खेपा उलट्याही होत्या, शेतकऱ्याच्या फायद्याच्या. त्यांचं कारण मला आजवर नीट लागलेलं नाही. अकाउंट्सवाल्यानं विचारलं, या वसूल करायच्या का? पैलवान तिथंच चहा पीत बसला होता. म्हणाला, "त्या राहू देत. त्या दिवशी टोळीनं जेवण केलं नव्हतं असं लिवा."

संध्याकाळी दोघं गंगावेशीत दूध कट्ट्यावर आलो. कॉलेजापासूनची सवय. म्हशी दारात उभ्या, समोर धार काढून ग्लास हातात. दिवसभर दोघांच्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं. गवळ्यानं ग्लास भरला, वर बोटभर फेस. मी हात पुढं केला तर पैलवानानं माझं मनगट धरलं.

"थांब की मर्दा. फेस बसू दे आधी, मग बघू किती भरलंय."

पैसे मीच दिले. तो म्हणाला, साडेनऊशे होईपर्यंत तूच द्यायचेस.