नळी कशाने झिजली?

कोकणातल्या एका जिल्हा शस्त्रागारात मी आर्मरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारा, होतो. वार्षिक चांदमारीचा, म्हणजे नेमबाजीच्या सरावाचा, दिवस होता. सकाळी नऊच्या सुमारास एक कोवळा शिपाई आपली ३०३ रायफल घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. चेहरा उतरलेला. २०० यार्डांवर त्याच्या पाचही गोळ्या टार्गेटभर विखुरल्या होत्या आणि नेमबाजी शिकवणाऱ्या उस्तादांनी सगळ्यांदेखत सुनावलं होतं, "साफसफाई करत नाहीस, नळी गंजवलीस."

"साहेब, शपथेवर सांगतो, रोज पुलथ्रू मारतो," तो म्हणाला. पुलथ्रू म्हणजे नळीतून चिंधी ओढायची दोरी.

मी बोल्ट काढला आणि तोंडाकडून नळीत पाहिलं. लख्ख! जुन्या काडतुसाच्या कॅपमधला, म्हणजे बुडाशी ठिणगी देणाऱ्या टोपीतला, क्षार नळीत उरतो, हवेतलं पाणी ओढतो आणि नळी गंजवतो. तो तेलाने जात नाही, त्याला उकळतं पाणीच लागतं. पण तो गंज नळीभर पसरतो आणि इथे त्याचा डागही नव्हता. पोरगा खरं बोलत होता.

मग रायफल उलटी धरून मागच्या बाजूने पाहिलं. चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेच्या, लगेच पुढे दोन-अडीच बोटं आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या नळीतल्या खाचा, जवळजवळ पुसले गेले होते आणि पोलादावर आटलेल्या तळ्याच्या तळासारख्या बारीक भेगा होत्या. गोळी आट्यात नीट शिरतच नव्हती. बहुतेक जण नळी तोंडाकडूनच तपासतात, म्हणून हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

वही काढली. त्याच वर्षीची, जवळपास तेवढ्याच गोळ्या झाडलेली दुसरी रायफल कपाटात होती. तिचे आटे शाबूत! दोघींना दिलेली काडतुसं तपासली. झिजलेलीच्या काडतुसाच्या बुडावर नुसता ७, शाबूत असलेलीच्या ७ झेड. उस्तादांसमोर मी दोन्ही उघडली. पहिल्यात शेवयांसारख्या तपकिरी काड्या निघाल्या: कॉर्डाइट, नायट्रोग्लिसरीन मिसळलेली बिनधुराची दारू. दुसऱ्यात नुसत्या नायट्रोसेल्युलोजची, कमी गरम जळणारी दारू. गोळी तीच, १७४ ग्रेनची. वेगही जवळपास तोच. पोलाद खाल्लं ते कॉर्डाइटच्या जळत्या वायूच्या उष्णतेने.

ही गोष्ट इंग्रजांनाही महागात पडली होती. १८८८ची ली-मेटफर्ड रायफल जुन्या काळ्या दारूसाठी बनली होती, तिचे आटे उथळ आणि गोलसर. कॉर्डाइटने ते इतके लवकर झिजले, की १८९५ मध्ये एनफिल्ड कारखान्याचे खोल, कोनेदार आटे आणावे लागले. पहिल्या कॉर्डाइटमध्ये उष्णता वाढवणारं नायट्रोग्लिसरीन ५८ टक्के होतं. बोअर युद्धानंतर ते ३० वर आणलं, तरी ती दारू गरमच राहिली. तिच्यातली व्हॅसलीन आधी नळीला वंगण म्हणून घातली होती. खरा उपयोग झाला तो दारू टिकण्यासाठी. मला हे नेहमीच विलक्षण वाटत आलं आहे.

उस्ताद थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "याला ती दुसरी द्या." पोराच्या पाच गोळ्या वीतभर जागेत बसल्या. उस्तादांनी परत सगळ्यांना बोलावलं आणि सकाळचे शब्द मागे घेतले.

त्या संध्याकाळी मी रायफलच्या वहीत एक रकाना वाढवला: गोळ्या किती, आणि कोणत्या दारूच्या.