नर्सिंगला प्रवेश: फी नंतर, ड्यूटीचं वेळापत्रक आधी

जीएनएमला, म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी या डिप्लोमाला, प्रवेश घ्यायचा तर पस्तिशीच्या आत. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नियमात किमान वय 17 आणि कमाल 35 असं लिहिलेलं आहे, आणि मी चौकशी सुरू केली तेव्हा माझी तेहतिशी उलटली होती. मोठी मुलगी तिसरीत, धाकटा बालवाडीत. नवऱ्याची नोकरी शिफ्टची. सासूबाई सोबत राहतात, मुलांवर त्यांचा फार जीव, पण गुडघ्यांमुळे मुलांना शाळेच्या बसपर्यंत सोडणं त्यांना जमत नाही. हे घरगुती रडगाणं नाही. पुढे जवळपास प्रत्येक कॉलेजात माझं घोडं अडलं ते याच गोष्टींपाशी.

आधी कोर्स कुठला, ते ठरवायचं होतं. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं, आणि त्याला बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी लागतं. माझी बारावी कला शाखेची, त्यामुळे तो विषय तिथेच मिटला. जीएनएम तीन वर्षांचं. त्यात सायन्सला प्राधान्य असलं तरी इतर शाखेची बारावीही चालते. इंग्रजी विषय आणि एकूण 40 टक्के हवेत. एएनएम, म्हणजे ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ, दोन वर्षांचं. ओळखीतल्या एका सिस्टरनी एएनएमचाच आग्रह धरला. त्यांचं गणित असं, की आधी एएनएम कर, लवकर कमावती हो, पुढे जीएनएमला जाताना एएनएम झालेल्यांना वयाची अट नाही. ही सवलत खरी आहे. पस्तिशी जवळ आलेल्या आयांनी ती ध्यानात ठेवावी. पण एएनएमचं शिक्षण मुख्यतः उपकेंद्र, लसीकरण, गरोदर बायकांची तपासणी अशा गावपातळीवरच्या कामासाठी आखलेलं आहे, आणि मला वॉर्डात काम करायचं होतं. दोन आणि तीन मिळून पाच वर्षं शिकतच राहणं मला झेपलं नसतं, मग फी कितीही कमी असो.

मग जाहिराती. सहा महिन्यांत नर्सिंग, दहावी नापासही चालेल, घरबसल्या अभ्यास, नोकरीची हमी. फी अर्थातच सगळ्यात कमी. अशा एका केंद्रात जाऊन बसले. समोरच्या बाई गोड बोलल्या. म्हणाल्या, "ताई, तुमच्यासारख्या आयांसाठीच आहे हा कोर्स. आठवड्यातून दोनदा आलात तरी पुरे." मी विचारलं, हा झाल्यावर नर्सिंग कौन्सिलमध्ये माझी नोंदणी होईल का? "आमचं सर्टिफिकेट सगळीकडे चालतं." पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. उठले. रुग्णाची देखभाल करणारी मदतनीस व्हायचं असेल तर थोड्या महिन्यांचं प्रशिक्षण उपयोगी पडतं, ते कामही कष्टाचं आणि मानाचं आहे. पण त्याने कुणी नोंदणीकृत परिचारिका होत नाही, आणि नोंदणी नसेल तर सरकारी स्टाफ नर्सच्या जागेसाठी अर्जच करता येत नाही. पहिल्यापासून नर्सिंग शिकायचं तर ते घरबसल्या होत नाही. इग्नू या मुक्त विद्यापीठाने पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग दूरस्थ पद्धतीने चालवलं ते आधीच जीएनएम झालेल्या, नोंदणी आणि नोकरीचा अनुभव असलेल्या नर्ससाठी. जाहिरातीत हे सगळं बेमालूम मिसळून टाकतात.

त्यानंतर मी एक शिस्त पाळली. कॉलेजचं नाव कानावर आलं की आधी इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या वेबसाइटवर राज्यवार यादीत ते शोधायचं. आणि नुसतं नाव नाही, कोर्सही बघायचा. एकाच संस्थेच्या एएनएमला मान्यता असते, जीएनएमची मात्र अजून फाइल फिरत असते. वर्षही बघायचं, कारण भिंतीवर फ्रेम करून लावलेलं मान्यतापत्र कितीतरी जुनं असू शकतं. या एका चाळणीत माझी यादी बरीच आखूड झाली.

फीबद्दल सगळेच विचारतात, म्हणून थोडक्यात सांगते. सांगितली जाते ती पहिल्या वर्षाची ट्यूशन फी. तिच्यामागून अनामत, परीक्षा फी, नोंदणीचे पैसे, युनिफॉर्म, बूट, जर्नल, हॉस्पिटलला नेणारी बस, हॉस्टेल, मेस असं सगळं येतं. मी प्रत्येक ठिकाणी एकच मागितलं: तीन वर्षांचा संपूर्ण आकडा, कॉलेजच्या कागदावर. जिथे "तुम्ही प्रवेश तर घ्या, मग बघू" असं ऐकलं, तिथे पुन्हा गेले नाही. एका ठिकाणी फीव्यतिरिक्त रोख 'डोनेशन' सुचवण्यात आलं, पावती अर्थातच नाही. महाराष्ट्रात 1987 पासून कॅपिटेशन फीवर, म्हणजे प्रवेशासाठी अशा जादा पैशांवर, कायद्याने बंदी आहे, पण ते त्या खोलीत बोलून उपयोग नव्हता. राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवरच्या शिष्यवृत्त्यांबद्दल मात्र आधीच नीट विचारावं: आपली जागा कोणत्या कोट्यातली, व्यवस्थापन कोट्यातून घेतली तर शिष्यवृत्ती हातची जाते का, आणि पैसे उशिरा आले तर कॉलेज तोवर थांबतं का. हा शेवटचा प्रश्न विचारल्यावर समोरच्याचा चेहरा वाचावा.

खरा निकाल लागला तो वेळापत्रकावर. नर्सिंगचा अभ्यास पुस्तकात कमी आणि वॉर्डात जास्त. थिअरीची हजेरी थोडी कमी पडली तर चालण्याची सोय नियमात असते, पण क्लिनिकलचे, म्हणजे वॉर्डातल्या कामाचे, तास शंभर टक्के पुरे केल्याशिवाय डिप्लोमा हातात पडत नाही. मूल तापाने फणफणलं म्हणून चार दिवस घरी राहिलात, तर ते चार दिवस नंतर, बहुधा सुट्टीत, भरून द्यावे लागतात. त्यामुळे मी ऑफिसात विचारायचे: पोस्टिंग कुठे असतं? ड्यूटी किती वाजता? संध्याकाळची आणि रात्रीची ड्यूटी कोणत्या वर्षापासून? सुटलेले दिवस कधी भरून घेता? फीचा तक्ता सगळ्यांकडे छापून तयार होता. क्लिनिकल रोटेशनचा तक्ता मागितला की मात्र शोधाशोध सुरू व्हायची.

हॉस्पिटलचा मुद्दा तर मला वाटलं होतं त्याहून मोठा निघाला. जीएनएमच्या संस्थेला स्वतःचं शंभर खाटांचं हॉस्पिटल असावं आणि एका विद्यार्थिनीमागे तीन रुग्ण मिळावेत अशी कौन्सिलची अपेक्षा आहे. कागदावर शंभर खाटा असतात, पण त्यावर रुग्ण नसतील तर मुलींना शिकायला दुसरीकडे पाठवतात. सगळ्यात स्वस्त कॉलेज असंच होतं. हॉस्पिटलमध्ये सकाळी अकरा वाजता चक्कर मारली तर अर्धा वॉर्ड रिकामा, आणि मुली बसने लांबच्या रुग्णालयात गेलेल्या. सकाळी आठच्या ड्यूटीसाठी बस कॉलेजच्या फाटकातून सव्वासहाला सुटते, हे मला तिथल्या विद्यार्थिनींकडून कळलं, ऑफिसातून नाही. सव्वासहाला माझी मुलं झोपलेली असतात. वाचलेली फी मी मुलांना सांभाळायला बाई ठेवण्यातच घालवली असती.

म्हणून सांगते, ऑफिसात जितका वेळ घालवाल तितकाच कॅन्टीनमध्ये घालवा. शिकणाऱ्या मुली आढेवेढे न घेता सांगतात. तिसऱ्या वर्षाबद्दल मला त्यांनीच सावध केलं. पहिल्या वर्षी अॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, नर्सिंग फाउंडेशन, कम्युनिटी हेल्थ. दुसऱ्या वर्षी मेडिकल-सर्जिकल, मेंटल हेल्थ, चाइल्ड हेल्थ. इथवर दिवसाची घडी बसवता येते. तिसऱ्या वर्षी मिडवाइफरी, म्हणजे बाळंतपणाचं काम, येते. लेबर रूममधल्या केसेस स्वतः करून केस बुकात भरायच्या असतात, आणि बाळं काही सकाळी आठ ते दुपारी दोन याच वेळात जन्माला येत नाहीत. त्यात रूरल पोस्टिंग, काही संस्थांत मुक्कामी. शेवटची इंटर्नशिप म्हणजे तर पूर्ण ड्यूटीच. म्हणजे घरच्या माणसांची मदत पहिल्या वर्षापेक्षा तिसऱ्या वर्षी जास्त लागणार, आणि घरी हे प्रवेशाआधीच बोलून ठेवायला हवं. मी बोलले. नवरा ऐकून गप्प झाला, मग कॅलेंडर काढून बसला. त्या काळात कायम सकाळपाळी मागून घ्यायची असं त्याने ठरवलं आहे. मिळते का ते तेव्हा बघू.

हॉस्टेल ही आयांसाठी सगळ्यात मोठी आडकाठी. एक संस्था मला सगळ्या बाजूंनी पसंत होती: फी अगदी माफक, रुग्णांची गर्दी, शिक्षिका चांगल्या. पण तिथे तिन्ही वर्षं हॉस्टेलमध्ये राहणं सक्तीचं. वॉर्डन म्हणाल्या, "लग्न झालेल्या मुली राहतात की इथे. मुलं आजीकडे असतात." असतीलही. मी नाही ठेवू शकत.

शेवटी घेतलं ते कॉलेज फीच्या हिशेबात मधलं. हॉस्पिटल त्याच आवारात, ड्यूटी घरापासून एका रिक्षाच्या अंतरावर, फी तीन हप्त्यांत. हॉस्टेलची सक्ती तिथेही होती, पण विवाहित विद्यार्थिनींना प्राचार्यांच्या परवानगीने सूट मिळते असं कँटीनमध्येच समजलं होतं. मी लेखी अर्ज दिला आणि लेखी उत्तर हातात आल्यावरच पहिला हप्ता भरला. तोंडी होकारावर थांबू नका, प्राचार्य बदलतात, मग नवे आलेले "कुणी सांगितलं तुम्हाला?" असं विचारतात. मूळ कागदपत्रं जमा करतानाही पोच घेतली, आणि त्याआधी सगळ्यांच्या साक्षांकित प्रती काढून ठेवल्या.

एक गोष्ट बहुतेक जणी विसरतात. वॉर्डात पाय ठेवण्याआधी हिपॅटायटिस बीची लस सुरू केलेली बरी, कारण तिचे तीन डोस असतात, दुसरा महिन्याने आणि तिसरा पहिल्यापासून सहा महिन्यांनी. प्रवेशाच्या धामधुमीत कॉलेजकडून त्याचा उल्लेखही झाला नव्हता. मी पहिला डोस फॉर्म भरला त्याच आठवड्यात घेतला, आणि तारखा नवऱ्याच्या त्याच कॅलेंडरवर लिहून ठेवल्या.