तुम्ही विचारलंत म्हणून: पाकिस्तानला दिलेले 55 कोटी नेमके कशाचे होते?

फाळणीच्या अर्थकारणाचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. काश्मिरात लढाई चालू असताना भारताने पाकिस्तानला 55 कोटी रुपये दिलेच का? विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बहुधा आपल्या तिजोरीतून काढून दिलेली मदत असते. हिशोब तसा नाही, आणि तो जानेवारी 1948 पासून लावला तर लागतही नाही. ऑगस्ट 1947 पासून लावावा लागतो.

फाळणीच्या वेळी अखंड हिंदुस्थान सरकारकडे रोख शिल्लक 400 कोटींच्या आसपास होती. ही रक्कम दोन्ही देशांची. तिची वाटणी करायला बसले ते मुख्यतः दोन सनदी अधिकारी, भारताकडून एच. एम. पटेल आणि पाकिस्तानकडून चौधरी मोहम्मद अली. पाकिस्तानने चौथा हिस्सा मागितला, म्हणजे 100 कोटी. घासाघीस होऊन 75 कोटींवर तडजोड झाली. त्यातले 20 कोटी नव्या सरकारचा रोजचा खर्च चालावा म्हणून ऑगस्टमध्येच देऊन झाले होते. उरले 55. सगळ्या वादाचं मूळ ही एवढी वजाबाकी आहे.

तडजोड फक्त रोकडीची नव्हती, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. वाटणीचे वाद सोडवायला नेमलेल्या सर पॅट्रिक स्पेन्स यांच्या लवादापुढे निकाल लागण्याची वाट न पाहता दोन्ही सरकारांनी डिसेंबर 1947 च्या सुरुवातीला एकत्रित करार केला. सरकारी कर्जाचा 17.5 टक्के भार पाकिस्तानवर आला. लष्करी साहित्याचा एक तृतीयांश वाटा त्याला द्यायचं ठरलं. दारूगोळ्याचे 16 च्या 16 कारखाने मात्र खडकीसारख्या भारतात राहिलेल्या गावी होते. चालता कारखाना कापून वाटता येत नाही, म्हणून त्याबदली 6 कोटी रुपये ठरले. पाकिस्तानचा वाह इथला कारखाना सुरू व्हायला 1951 साल उजाडलं.

मग अडलं कुठे? काश्मीरचा प्रश्न सुटल्याशिवाय आर्थिक कराराची अंमलबजावणी नाही, अशी भूमिका सरदार पटेलांनी घेतली. हाती पडलेला पैसा उद्या आपल्याच सैन्यावर झाडल्या जाणाऱ्या गोळ्यांत जाईल, हा मुद्दा बिनतोड होता. पाकिस्तानचं म्हणणं, करारात अशी अट नव्हती. माझ्या मते दोन्ही बाजू आपापल्या जागी खऱ्या होत्या. लिखित करार पाकिस्तानच्या बाजूने होता आणि परिस्थिती भारताच्या.

यातली खरी गुंतागुंत बँकेची आहे. पाकिस्तानला स्वतःची मध्यवर्ती बँक नव्हती. 14 ऑगस्टच्या आदेशाने 30 सप्टेंबर 1948 पर्यंत दोन्ही देशांचं चलन मुंबईची रिझर्व्ह बँकच पाहणार होती. दोन्ही सरकारांची खाती तिथेच, आणि गव्हर्नर चिंतामणराव देशमुख. महाडजवळच्या नाते गावचा हा मराठी माणूस दोन वैरी सरकारांचा बँकर होता! त्यामुळे 55 कोटींच्या पेट्या कराचीला जाणार नव्हत्या. एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जमा एवढंच करायचं होतं. वर्षअखेरीस पाकिस्तानचं खातं आटत आलं तेव्हा त्यांनी बँकेकडे उचल मागितली. ती अडली, आणि भारत सरकारने बँकेवर दबाव आणल्याचा आरोप अर्थमंत्री गुलाम मोहम्मद यांनी केला. (हे तेच गुलाम मोहम्मद, 1945 मध्ये स्थापन झालेल्या 'महिंद्र अँड मोहम्मद'मधले मोहम्मद.) निझामाने 20 कोटींचे भारत सरकारचे रोखे पाकिस्तानला कर्जाऊ दिले तेही याच दिवसांत.

आता तारखा. 12 जानेवारी 1948 ला सरदार पटेलांनी रक्कम रोखण्यामागची भूमिका पत्रकारांपुढे मांडली, त्याच दिवशी गांधीजींनी उपोषण जाहीर केलं. ते 13 ला सुरू झालं. 15 ला सरकारने 55 कोटी देण्याचा निर्णय प्रसिद्ध केला. उपोषण सुटलं 18 ला. सोडण्याच्या ज्या सात अटी होत्या त्या दिल्लीतल्या मशिदी, मुसलमानांची सुरक्षितता, त्यांच्यावरचा बहिष्कार अशा होत्या. त्यांत 55 कोटी नाहीत. पण तेवढ्यावरून उपोषणाचा निर्णयाशी संबंध नव्हता म्हणणंही खोटं ठरेल. रक्कम अडवणं गांधीजींना अयोग्य वाटत होतं आणि सरकारच्या निवेदनातही त्यांच्या प्रयत्नाचा उल्लेख होता.

या प्रकारानंतर एकाच बँकेत दोघांनी राहणं अशक्यच झालं. मुदत तीन महिने अलीकडे ओढून 30 जून केली गेली आणि 1 जुलै 1948 ला कराचीत जिनांनी स्टेट बँक ऑफ पाकिस्तानचं उद्घाटन केलं. पहिले गव्हर्नर झाहिद हुसेन. तोवर, एप्रिलपासून, पाकिस्तानात चालणाऱ्या नव्या नोटा नाशिकरोडच्या छापखान्यातून जात होत्या. नोटा आपल्याच, फक्त 'पाकिस्तान सरकार' हे शब्द वर इंग्रजीत आणि खाली उर्दूत जादा छापलेले. जुन्या नोटा परत करायच्या आणि त्यांच्या बदल्यात सोनं, स्टर्लिंग, रोखे यांतला वाटा घ्यायचा, अशी रीत ठरली होती. तिच्यावरून पुन्हा तंटा झाला. भारताकडे अडकलेली मालमत्ता म्हणून एक रक्कम पाकिस्तानच्या बँकेच्या ताळेबंदात पुढे कित्येक दशकं दिसत राहिली.

55 कोटी मिळून पाकिस्तान स्थिरावला का, असंही कुणी विचारतं. नाही. त्याची खरी कमाई पूर्व बंगालच्या तागाची होती. गिरण्या मात्र जवळजवळ सगळ्या हुगळीकाठी, आणि परदेशी जाणारा माल बराचसा कलकत्ता बंदरातून, त्यामुळे निर्यातशुल्क भारताच्या हाती. सप्टेंबर 1949 मध्ये पौंडाबरोबर भारताने रुपया उतरवला, पाकिस्तानने उतरवला नाही. 100 पाकिस्तानी रुपयांना 144 भारतीय रुपये मोजायला भारताने नकार दिला, व्यापार थांबला, डिसेंबरात कोळसाही बंद झाला. पडून राहिलेला ताग उचलण्यासाठी नोव्हेंबरात घाईघाईने नॅशनल बँक ऑफ पाकिस्तान काढावी लागली. तारलं ते कोरियाच्या युद्धाने. जून 1950 नंतर ताग आणि कापूस यांचे भाव भडकले आणि फेब्रुवारी 1951 मध्ये भारताने तो दर मान्य केला. 1955 मध्ये पाकिस्ताननेही आपला रुपया उतरवलाच.

राहिली खात्याची दुसरी बाजू. अखंड भारताच्या सगळ्या कर्जाची जबाबदारी भारताने घेतली होती आणि पाकिस्तानने आपला हिस्सा 50 वार्षिक हप्त्यांत भारताला फेडायचा होता. 'पाकिस्तानकडून येणे 300 कोटी' ही नोंद आपल्या सरकारी हिशोबात दशकानुदशकं छापली गेली. तिच्याबद्दल मात्र कुणी विचारत नाही.