ऱ्होड्सचा 'नाइटांचा रस्ता': चार मिनिटांचा चढ आणि बाकीचं खरं

ग्रीसच्या ऱ्होड्स बेटावरच्या या रस्त्याचा जो फोटो सगळीकडे फिरतो, त्यात मध्ययुग जसंच्या तसं उभं असल्याचा भास होतो. तो भासच आहे. १५२२ साली ऑटोमन सुलतान सुलेमानने सेंट जॉनच्या नाइटांकडून (हा ख्रिस्ती लढवय्या साधूंचा संघ) बेट घेतल्यावर या घरांना लाकडी सज्जे फुटले, पुढची चार शतकं त्यांत माणसं नांदली. १९१२ नंतर आलेल्या इटालियनांनी ते सज्जे उतरवून दर्शनी भाग पुन्हा 'मध्ययुगीन' केले. वरच्या टोकाचा ग्रँड मास्टरचा, म्हणजे संघप्रमुखाचा, राजवाडा तर त्याहून नवा. शेजारच्या सेंट जॉनच्या चर्चखाली साठवलेली बंदुकीची दारू १८५६ साली वीज पडून उडाली आणि परिसर उद्ध्वस्त झाला. आज दिसते ती वास्तू १९३७ ते १९४० मधली. जमिनीवरची मोझेइकं कोस बेटावरून आणून बसवलेली. राजवाड्याला पाऊण तास पुरे.

रस्त्यात शिरायचं ते खालून, पुरातत्त्व संग्रहालयाच्या बाजूने. चढ किरकोळ आहे, त्रास आहे तो फरसबंदीचा. गोटे उभे रोवून केलेला हा रस्ता पावलांनी झिजून गुळगुळीत झालाय. पातळ तळव्याच्या चपलेतून प्रत्येक गोटा टाचेला कळतो, आणि रिमझिम पाऊस पडला की उतारावर पाय हमखास सटकतो. म्हणून चढताना हा रस्ता, उतरताना दुसरा. सह्याद्रीत वापरतो तेच जाड तळव्याचे बूट घाला, इथे ते जास्त वाटत नाहीत. चाकांची बॅग घेऊन जुन्या शहरात मुक्काम करणाऱ्यांनी आधीच ठरवावं: बॅग उचलायची की चाकं मोडायची. बहुतेक गल्ल्यांत टॅक्सी जात नाही.

दोन्ही बाजूंना नाइटांच्या 'भाषां'ची घरं आहेत. संघातले लोक जन्मभूमीप्रमाणे आधी सात, १४६२ पासून आठ भाषांत विभागलेले होते, आणि प्रत्येकीच्या प्रमुखाकडे एक ठरलेलं खातं असे: प्रोव्हान्सकडे खजिना, इटलीकडे आरमार, फ्रान्सकडे रुग्णालय. ही घरं बैठकीची आणि जेवणाची. बहुतेक दारं बंद असतात, तेव्हा आत जायला मिळेल या आशेने वेळ राखून ठेवू नका. चिन्हं आणि ढाली बाहेरूनच बघायच्या.

नाइट म्हणजे भाल्यांच्या झुंजी आणि सज्जातली राजकन्या, अशी कल्पना घेऊन येणाऱ्यांची इथे निराशाच होते. हे दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन यांची शपथ घेतलेले लढवय्ये साधू होते, आणि त्यांच्या नियमांत रुग्ण म्हणजे 'आमचे धनी'. ही आचारसंहिता दगडात बघायची तर खालच्या टोकाचं संग्रहालय बघा, कारण ते त्यांचंच रुग्णालय. १४४० मध्ये सुरू झालेलं काम ग्रँड मास्टर पिएर दोब्युसाँच्या काळात पुरं झालं. वरच्या मजल्यावर पन्नासएक मीटर लांबीचा वॉर्ड, मधोमध कमानींची रांग, आणि प्रवेशद्वाराच्या वरच्या बाजूला प्रार्थनेचा कोनाडा. अंथरुणावरून उठता येत नसलेल्यालाही प्रार्थना ऐकू जावी, हा त्यामागचा हिशोब. इथे दीड तास द्या, तोही सकाळी उघडताक्षणी. क्रूझची जहाजं धक्क्याला लागली की साडेदहानंतर वॉर्डात नुसत्या छत्र्या आणि गाइड.

यानंतर तटाभोवतीचा खंदक. तिकीट नाही, गर्दी नाही, आणि किल्ले बघणाऱ्याला अख्ख्या शहरात सर्वांत जास्त इथेच मिळतं. आधी १५१२ सालच्या द'आंब्वाझ दरवाजातून आत या: दोन गोल बुरुजांमधून शिरल्यावर वाट वळणं घेते. आपल्या गोमुखी दरवाजाचंच हे तत्त्व, शत्रूला सरळ धाव घेता येऊ नये. खंदक कोरडा, मुद्दाम कोरडाच ठेवलेला. तळाशी जागोजागी तोफांचे दगडी गोळे पडलेत. एकेका भाषेकडे तटाचा एकेक टप्पा होता. इंग्लंडच्या टप्प्यावर थांबा. ४ सप्टेंबर १५२२ ला इथे सुरुंग उडून तटाला भगदाड पडलं आणि तरीही हल्ला परतवला गेला. डिसेंबरात अन्न-दारूगोळा संपत आल्यावर नाइटांनी शरणागती पत्करली. सुलेमानने उरलेल्यांना शस्त्रांसह जाऊ दिलं आणि १ जानेवारी १५२३ ला जहाजं निघाली. शौर्यधर्म शोधायचा तर तो शत्रूच्या या अटींतही सापडतो. तळाशी सावली जवळपास नाही. दीड लिटर पाणी आणि टोपी लागतेच, आणि जुलै-ऑगस्टात अकरा ते चार खंदकात उतरणं शुद्ध वेडेपणा.

आता लूट. कारंज्याच्या चौकाभोवतीच्या काही टेबलांवर मेनूत भाव बारीक अक्षरात, नाहीतर नाहीच. 'बिअर, मोठी' एवढंच म्हणालात तर बुटाच्या आकाराचा लिटरभराचा ग्लास येतो आणि बिल बघून घाम फुटतो. मागताना मिलिलिटर सांगा, साधी मोठी बाटली ५०० ची असते. भाव लिहिलेला मेनू नसेल तर उठा. पाव आणि पाण्याचे पैसे वेगळे लागतात का, हे आधीच विचारा. शेवटी रोख पावती मागा: पावती दिली नाही तर गिऱ्हाइकावर पैसे देण्याचं बंधन नाही, ही तिथल्या कायद्यातली तरतूद मेनूवरच छापलेली असते. बोटाने दाखवली की आवाज खाली येतो. चौकापासून दोन गल्ल्या आत गेलात की भाव उतरतात.

लिंडोस, टेकडीवर प्राचीन गड असलेलं गाव, दक्षिणेला पन्नासएक किलोमीटरवर, बसने जमतं. पायऱ्या चढा, गाढवं घेऊ नका. विमानतळाची बस नव्या बाजाराजवळ सोडते, तिथून तट पायी गाठता येतो.