रामलिंगला फाल्गुनात जा

येडशीच्या रामलिंगला, म्हणजे घाटाच्या जंगलातल्या मंदिराला, कधी जावं असं कुणी विचारलं की आमच्या धाराशिवात एकच उत्तर मिळतं, श्रावणात. मी फाल्गुन सांगते. "तेव्हा काय असतंय तिथं? काटेच की!" हे वाक्य मी दुकानातल्या गिऱ्हाइकांपासून सासरच्या मंडळींपर्यंत सगळ्यांकडून ऐकलंय.

काटे असतात, नाही कशाला म्हणू. सह्याद्री ओलांडून येईपर्यंत ढगांत फारसं काही उरत नाही. उरलंसुरलं आमच्या बालाघाटाच्या डोंगरांवर पडतं आणि त्यावरच हे जंगल जगतं. धावडा, सालई, पळस, खैर, बाभूळ, सीताफळ. 1997 मध्ये येडशी रामलिंग घाट अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र 22 चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे ताडोबापुढे परसबागच. श्रावणी सोमवारी मंदिरामागून धबधबा कोसळतो, सगळं हिरवंगार असतं, हे मान्य. पण गाडी लावायलाच अर्धा तास जातो आणि पुढे दिसतात ती माणसांची डोकी.

फाल्गुनात झाडांनी पानं टाकलेली असतात, त्यामुळे दूरवरचं दिसतं. हरणाचा कान हलला तरी नजरेला पडतो. मोर झाडावर बसलेला सबंध दिसतो, शेपटीसकट. पाचोळ्यात मोठ्याने खसखस झाली की नवखा माणूस जागीच थबकतो, रानडुक्कर आलं वाटतं त्याला. निघतात सातभाई पक्षी, पानं उलटून किडे शोधणारे, आणि वर आपल्यालाच ओरडणारे.

सालईजवळ मात्र मी हमखास थांबते. हिच्या खोडाची साल आपसूक सुटलेली असते. कडेला नख लावलं तर पतंगाच्या कागदाएवढा पातळ पापुद्रा हातात येतो आणि खाली ओलसर हिरवा रंग दिसतो. पान एक नाही, पण खोड हिरवं! पानं नसतानाही ऊन वापरायची सोय झाडाने तिथं करून ठेवलीय. कुठं चीक झरून वाळलेला असतो, पिवळट, खड्यासारखा. निखाऱ्यावर टाकला तर धुपाचा वास सुटतो. (तोडून आणू नका, अभयारण्य आहे ते. वास तिथंच घ्या.)

माझ्याबरोबर अण्णा असतात. माझे वडील. रेल्वेत गँगमन होते, छोट्या गाडीच्या काळात. कुर्डुवाडी ते बार्शी ही अडीच फुटी लाइन 1897 मध्ये सुरू झाली, पुढे घाट चढून येडशीवरून लातूरला गेली. आता रुंद रूळ आले, पण अण्णांच्या डोक्यात अजून जुनीच लाइन आहे. चालता चालता काठीने दाखवतात, "हितं वळण होतं, हितं मोरी होती." मला तिथं घाणेरीची झुडपं दिसतात. त्यांच्याकडूनच मी हेही शिकले की या पठाराच्या एका अंगाला पडलेलं पाणी तेरणा-मांजरेतून गोदावरीला जातं आणि दुसऱ्या अंगाचं सीनेतून भीमेला, तिथून कृष्णेला. म्हणजे दोन मोठ्या नद्यांना पाणी द्यायचं आणि आपण टँकरची वाट बघायची.

2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली ती याच मार्गाने. पहिल्या गाडीला दहा टँकर, पाच लाख लिटर पाणी. अण्णा मुद्दाम बघायला गेले होते. घरी येऊन बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ह्या लाइनीवरनं ढेप गेली, साखर गेली, वऱ्हाडं गेली. पाणी जाताना कधी बघितलं नव्हतं."

घाटातून खाली मंदिराकडे उतरलं की ओढ्याचं पात्र कोरडं ठणठणीत असतं. काळा पाषाण, पाण्याने घासून गुळगुळीत झालेला. समोर जटायूची समाधी. रावणाशी लढून जटायू इथंच पडला आणि त्याला पाणी पाजायला रामाने बाण मारून झरा काढला, अशी कथा आहे. आमच्याकडच्या कथेत पाण्याचीच अडचण असणार, दुसरी कशाची?

आता वाघाचं. डिसेंबर 2024 मध्ये या अभयारण्यातल्या कॅमेऱ्यात वाघ आला. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून, चारशेहून जास्त किलोमीटर चालून. वाटेत महामार्ग, ऊस, गावं, सगळं ओलांडून. "काटेच की" म्हणणाऱ्यांना मी तेव्हापासून सांगते, त्याला काय दिसलं ते त्यालाच विचारा. अर्थात ज्यांची गुरं गेली त्यांच्यापुढे मी हे कौतुक करणार नाही. त्यांचं नुकसान खरं आहे. आणि वाघाला 22 चौरस किलोमीटर पुरत नाहीत, तो शेतात येणारच.

आमच्याही सवयी बदलल्या. पूर्वी झुंजूमुंजू होताच आत असायचो, आता ऊन चांगलं वर आल्यावर निघतो. आधी वनरक्षकाला विचारतो, तो नको म्हणाला तर मुकाट्याने मंदिरात जाऊन माघारी येतो. पायवाट सोडून सालईपर्यंत जाणं बंद. रस्त्यालगत आहेत तेवढ्यांवर भागवते.

जायचं तर बंद बूट घाला, बाभळीचा काटा चपलेतून सरळ वर येतो. माणशी दोन लिटर पाणी घ्या, आत कुठं मिळेल या भरवशावर राहू नका. अकराच्या आत बाहेर पडा. आणि धपाट्यांचा डबा गाडीत, काचा वर करूनच उघडा. मंदिराजवळची माकडं पिशवीची गाठ आपल्याहून लवकर सोडतात. तिखट शेंगाची चटणी माकड खात नाही, असा अण्णांचा ठाम दावा आहे. त्यांचा चाटूनपुसून लख्ख केलेला डबा मी स्वतः उचलून आणलाय.