कुणी न वाचायच्या ओळी

प्रोग्रॅममधला बग, म्हणजे चूक, शोधायची आपली मूळ पद्धत म्हणजे प्रिंट, म्हणजे मधेच एखादी ओळ छापून बघणं. ‘इथे आलो’, ‘इथेही आलो’ आणि वैताग वाढला की ‘आलो रे बाबा’. बग सापडतो, पण एखादा ‘आलो रे बाबा’ काढायचा राहून जातो आणि गिऱ्हाइकाच्या सर्व्हरवर महिनोन्महिने इमानेइतबारे उमटत बसतो. लॉगिंग म्हणजे याच सवयीला लावलेली शिस्त. ओळ किती वाजता आली, कुठल्या फाइलमधून आली आणि तिला किती मनावर घ्यायचं, एवढं सांगितलं की झालं. तरीही लॉग म्हणजे सोसायटीच्या गेटवरचं वॉचमनचं रजिस्टरच. येणारा प्रत्येकजण खरडतो, वाचत कुणी नाही. सायकल चोरीला गेली की मात्र चार जण बोट ठेवून एकेक ओळ तपासतात.

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत ही शिस्त २००३ साली, २.३ या आवृत्तीत आली. विनय साजिप आणि ट्रेंट मिक यांनी मांडलेला प्रस्ताव होता तो. ओळ किती मनावर घ्यायची त्याच्या पायऱ्यांना, म्हणजे डीबगला १०, इन्फोला २०, वॉर्निंगला ३०, एररला ४०, क्रिटिकलला ५० असे आकडे ठरले. मला या आकड्यांमधल्या मोकळ्या जागा फार आवडतात. पुढे आलेल्या लॉगुरू नावाच्या लायब्ररीने, म्हणजे आयत्या कोडच्या संचाने, २५ वर ‘सक्सेस’ आणि ५ वर ‘ट्रेस’ बसवले, कुणालाही उठवावं लागलं नाही.

पायथनच्या या लॉगिंगवर जावा या दुसऱ्या भाषेतल्या लॉगफोरजे या लॉगिंग लायब्ररीची छाप आहे, ती नावांत अजून दिसते. बाकी पायथन लहान अक्षरं आणि अंडरस्कोर वापरतो, इथे मात्र ‘गेटलॉगर’ (getLogger) मधला एल मोठा. ओपन सोर्समध्ये, म्हणजे सगळ्यांना खुल्या असलेल्या कोडच्या कामात, नव्याने आलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी हे खुपतं. नावं नीट करायला हात शिवशिवतात. त्याने ‘वॉर्न’ची गोष्ट ऐकावी. ‘वॉर्निंग’ असं पूर्ण नाव असताना ‘वॉर्न’ हे जुनं आखूड नावही चालत होतं. पायथनच्या ३.३ आवृत्तीपासून ते वापरू नका असं सांगून झालं. ३.१३ ची तयारी चालू असताना ते खरोखर काढलं आणि मग परत ठेवावं लागलं, कारण जगभरचा कोड अजून तेच वापरत होता. एका लहानशा नावाचा एवढा दरारा!

मी ज्या लायब्ररीत अधूनमधून हातभार लावतो ती याच्या मानाने चिमुकली आहे, पण तिथेही तोच अनुभव. मला तिथे गोडी लागली ती फाइल बदलण्याच्या कामाची. लॉगची फाइल फुगत जाते, म्हणून ठरलेल्या वेळी जुनी बाजूला ठेवून नवी उघडायची. ऐकायला किती सोपं! विंडोजवर दुसऱ्या कुणी ती फाइल उघडून ठेवली असेल तर तिचं नावच बदलता येत नाही. दोन प्रोसेस, म्हणजे चालू असलेले प्रोग्रॅम, एकाच फाइलीत लिहीत असतील तर एकीने फाइल बदलल्याचं दुसरीला कळतही नाही. आणि मग वेळ. वेळ हे या कामातलं खरं प्रकरण.

‘रोज रात्री अडीच वाजता फाइल बदला’ या नियमासाठी मी एक सुधारणा पाठवली. रिव्ह्यू करणारे गृहस्थ युरोपातले. त्यांनी एकच प्रश्न विचारला: मार्चमध्ये एका रात्री आमच्याकडे अडीच वाजतच नाहीत, तेव्हा काय? उन्हाळी वेळ सुरू होते तेव्हा घड्याळ दोनवरून थेट तीनवर उडी मारतं. ऑक्टोबरात उलट, अडीच दोनदा वाजतात, मग फाइल दोनदा बदलायची का? वर्षभर एकच वेळ पाळणाऱ्या देशात वाढलेल्या माणसाला हा प्रश्न कशाला सुचतोय? मग मीही एक परतफेड केली. त्यांच्या टेस्टमधले, म्हणजे कोड तपासणाऱ्या कोडमधले, सगळे टाइमझोन पूर्ण तासांचे होते. मी आपले साडेपाच तास घातले, शेजारधर्म म्हणून नेपाळचे पावणेसहाही. प्रत्यक्ष बदल दोन-चार ओळींचा, त्याच्या टेस्ट त्याच्या कितीतरी पट आणि त्यावर झालेली चर्चा त्याहून लांब. मला वाटतं, या कामात कोड लिहिण्यापेक्षा ‘का’ लिहायला जास्त मराठी बाणा लागतो. इंग्रजीत लिहायचं असलं तरी.

मेंटेनर, म्हणजे लायब्ररी सांभाळणारे, ‘नको’ फार म्हणतात, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. लॉगिंगच्या बाबतीत मी त्यांच्या बाजूचा आहे. २०२१ च्या डिसेंबरात त्याच लॉगफोरजेमुळे जगभरच्या सर्व्हरवाल्यांची झोप उडाली. ती लायब्ररी संदेशातला ठरावीक मजकूर नुसता लिहून घेत नव्हती, त्यातला पत्ता शोधायला बाहेर जात होती. त्यामुळे परक्याने पाठवलेल्या ओळीतून परक्याचा कोड चालवता येत होता. कधीतरी कुणाला ती सोय छान वाटली असणार. निस्तरायला बसले ते बहुतेक आपली नोकरी सांभाळून फावल्या वेळात काम करणारे. लॉगुरूमध्येही चूक घडली की त्या क्षणी व्हेरिएबलमध्ये काय होतं ते छापून मिळतं. डीबग करताना ही चैन आहे, पण त्यात एखादा पासवर्डही असू शकतो, म्हणून प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष वापरात, ती बंद ठेवा असं त्यांचं डॉक्युमेंटेशनच सांगतं.

पायथनच्या लॉगिंगची एक रीत मला खानदानी वाटते. लॉग लिहिताना काही बिघडलं तर मूळ प्रोग्रॅम पाडायचा नाही. एरर स्ट्रीमवर, म्हणजे चुका छापायच्या वेगळ्या वाटेवर, ‘लॉगिंग एरर’ असं पुटपुटायचं आणि काम पुढे चालू द्यायचं. सुधारणा पाठवणाऱ्यानेही तेवढंच जपायचं असतं; आपण आत येऊन गेल्याचं वापरणाऱ्याला कळता कामा नये.

अडीच वाजण्याचा निकाल अखेर लागला. नसलेले अडीच पुढे ढकलायचे, दोनदा आलेल्यांतले पहिले धरायचे. पुल रिक्वेस्ट, म्हणजे मी पाठवलेली सुधारणा, मूळ कोडमध्ये मर्ज झाली. त्यानंतर आलेला पहिला इश्यू, म्हणजे तक्रार, रंगांचा होता: काळ्या टर्मिनलवर निळ्या डीबगच्या ओळी दिसत नाहीत. तेही खरंच आहे म्हणा.